न थांबणारा जोडीदार

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच इंग्रजी बँड ऐकला आणि पहिल्याच महिन्यात त्याच्याशी भांडण केलं. कारण अगदी साधं होतं. तो बँड त्यांना बोलू देत नव्हता.

हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, म्हणजे सासऱ्यांचं डोकं जरा...? नाही हो. डोकं शेवटपर्यंत ठणठणीत होतं. दगा दिला तो हाताने, आणि तोही डाव्या.

मी लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला आले तेव्हा घरात तीन माणसं होती. नवरा रेल्वेत, त्याच्या ड्यूटीचा काही नेम नाही. सासू, म्हणजे आत्या; त्यांच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मला नव्हता. आणि सासरे, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी, जे दिवसभरात चार वाक्यं बोलायचे आणि त्यातली दोन चहाविषयी असायची. राइस मिलमध्ये उभी हयात घालवून ते घरी बसले होते. मी समोर आले की ते उठून अंगणात जायचे. मी अंगणात गेले की आत यायचे. सुनेने सासऱ्यासमोर बसू नये ही रीत मला माहेरी शिकवली होती, पण इथे तर सासराच ती रीत माझ्यापेक्षा कडक पाळत होता. मला वाटायचं, मी त्यांना आवडलेली नाही.

लोखंडी कपाटावर जुन्या लुगड्यात बांधलेली एक लांबट वस्तू होती. झाडझूड करताना मी ती खाली काढायला गेले तर आत्या केवढ्याने ओरडल्या, "अवो ठेव तिथंच! हात नोको लावू!" मग चुलीपाशी बसवून त्यांनी मला सगळं सांगितलं. तो मामाजींचा बेंजो होता. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, आणि डाव्या हाताने दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. इंग्रजी बँजोशी त्याचं नावापुरतंच नातं. आमच्या वस्त्यांमध्ये, लग्नात, जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमात एकेकाळी हा बेंजो नसेल तर लोक म्हणायचे, आज जेवणात मीठ नाही.

मामाजींचा जोडीदार होता दोन गल्ल्या सोडून राहणारा एक गायक. सगळी मुर्री त्यांना शाहीर म्हणायची, मीही तेच म्हणते. पंचवीस वर्षं ही जोडी गोंदियापासून बालाघाटच्या सीमेपर्यंत फिरली. सवाल-जवाब ही त्यांची खासियत. शाहीर एक ओळ गायचे आणि थांबायचे. मग बेंजो त्या ओळीला उत्तर द्यायचा. आणि ते उत्तर पुरं होईस्तोवर शाहिरांनी गळा उघडायचा नाही, कितीही वेळ लागो. हा नियम होता. दुसऱ्याच्या उत्तरात तोंड घालणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आत्या सांगायच्या, कधी कधी मामाजी मुद्दाम उत्तर लांबवायचे आणि शाहीर तिथं स्टेजवर मिशीला पीळ देत उभे. लोक खुर्च्या वाजवायचे.

मग नवं शतक उजाडलं आणि कॅसिओ आला. एका पेटीत ढोलक, बासरी, सतार, सगळंच. शाहिरांचा पुतण्या तो वाजवायला शिकला. एका जयंतीच्या आधी शाहीर घरी आले आणि ओट्यावर उभं राहूनच म्हणाले, "आता बेंजो कोन ऐकते गा? जुना झाला तो. पब्लिकले कॅसिओ पाह्यजे." मामाजी म्हणाले, "बरं." इतकंच. त्या दिवशी बेंजो लुगड्यात गेला आणि मग आठ वर्षं दोघे एका वस्तीत राहून एकमेकांशी बोलले नाहीत. किराणा दुकानात एक असला तर दुसरा बाहेर उभा राहायचा. आत्यांना या दोघांचाही इतका राग होता की त्या दोघांनाही एकच शिवी द्यायच्या, म्हणजे वेळ वाचतो.

मला तेव्हा बिरसीला नोकरी लागली होती. विमान चालवायचं शिकवतात तिथे कार्यालयात टायपिंग. सकाळी स्कूटीवर धानाच्या बांध्या ओलांडत जायचं आणि दिवसभर डोक्यावर घरघर ऐकायची. शिकायला येणारी पोरं सगळी लांबची, मोठ्या शहरांतली. त्यांतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन बसायची, कारण आमच्या खोलीतला पंखा बरा होता. तिच्या कानात कायम गाणी. कोर्स संपवून निघाली तेव्हा तिने मला एक सीडी दिली. म्हणाली, "दीदी, ये मेरा फेवरेट बँड है. लडके हमारी उमर के हैं, लेकिन गाना दादाजी के जमाने का बजाते हैं." कव्हरवर पाच तरुण, एक जुनाट मोटार, आणि मागे नुसतं माळरान. मी इंग्रजी माध्यमातली नाही. पण कोणी आपल्याला आवडीची वस्तू देतं याचंच मला अप्रूप वाटलं.

घरात टेप होता, सीडी चालणारा. रविवारी मी तांदूळ निवडायला बसले आणि सीडी लावली. पहिली तीन गाणी दणदणीत. आताचे कॉम्प्युटरचे ठोके नाहीत, खरे ड्रम, खऱ्या तारा, आणि गिटार अशी की जुन्या रेडिओतून येतेय असं वाटावं. आत्या म्हणाल्या, "हे काय पोट्टे टिनं वाजवून राहिले?" मी आवाज कमी केला, बंद केला नाही. खोटं कशाला बोलू, त्या घरात माझी म्हणून एक तरी गोष्ट वाजावी असं मला फार वाटत होतं.

चौथं गाणं मात्र वेगळं निघालं. संथ, गाडीरस्त्याने चाललेलं. गाणारा दोन ओळी म्हणायचा आणि मग एक गिटार त्याच्या मागून घसरत यायची, एका स्वरावरून दुसऱ्यावर, मध्ये न उचलता. आपल्याकडे दमलेला माणूस ओट्यावर बसताना "आई गं" म्हणतो तसा तो आवाज होता. मागे बारीक कडकडीत तारा छेडल्या जात होत्या. पुढे मला कळलं की अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं संगीत असंच असतं, गुरंढोरं, घोडे, सुटलेलं घर, रुसलेली बायको. म्हणजे तिथंही आपल्यासारखीच भानगड.

मामाजी अंगणात होते. दाराशी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला आपणहून काही विचारलं. "तो कोन वाजवून राहिला?"

मी म्हटलं, "इंग्रजी बँड आहे, मामाजी."

"बुढे असतीन."

"नाही, पोरं आहेत. पंचवीस-तीसची." मी डोक्यावरचा पदर सावरत कव्हर पुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून बघितलं.

"पोट्टेच आहेत," ते म्हणाले. "मग हे जुनं कायले वाजवून राहिले?"

"त्यांना आवडते म्हणून."

"आनिक लोक घेतात हे? पैसे देऊन?"

"घेतात तर."

त्यांनी कव्हर परत दिलं आणि ते अंगणात गेले. थोड्या वेळाने तिथून आवाज आला, "ते चौथं पुन्हा लाव." आत्या माझ्याकडे आणि मी आत्यांकडे बघत राहिले. चार वाक्यांचा माणूस आज सहावर गेला होता.

डाव्या हाताचं आम्हाला त्याच महिन्यात कळलं. मामाजी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात हे मी बघितलं होतं, पण मला वाटलं थंडी आहे. एक दिवस कप पडला. मग दुसरा पडला. आत्यांनी आरडाओरड केली, नवरा ड्यूटीवर, तेव्हा मीच त्यांना स्कूटीवर मागे बसवून गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. सासरा सुनेच्या गाडीवर मागे बसलाय हे बघायला मुर्रीत लोक दारात आले होते. मामाजी पूर्ण रस्ताभर मान खाली घालून बसले, जणू त्यांना पोलीस घेऊन चालले होते.

डॉक्टरांनी बोटं ताणून बघितली, चालायला लावलं, सही करायला लावली. मग सांगितलं की हा कंप आहे, गोळ्यांनी जरा आवरेल, पण हळूहळू वाढणार. काही विचारायचं आहे का म्हणाले. मला वाटलं मामाजी विचारतील, जेवता येईल का, बाजारात जाता येईल का.

मामाजींनी विचारलं, "बेंजो किती दिवस वाजवता येईन?"

"बजाते हो क्या?" डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं.

"नाही," मामाजी म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. ते म्हणाले, "बजाना है तो अभी बजा लो बाबूजी. अगले साल का मैं नहीं बोल सकता."

परत येताना मी रेल्वेच्या पुलाखाली गाडी उभी केली, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं. आठ वर्षं हा माणूस कपाटावरच्या त्या गाठोड्याकडे ढुंकून बघत नव्हता, आणि आत सगळा वेळ तोच विचार. मला त्यांचा राग आला. शाहिरांचा त्याहून जास्त आला. मागून मामाजी म्हणाले, "बाई, तारा भेटतीन का इथं?" आम्ही तशीच गाडी वळवली आणि बाजारातून बेंजोच्या तारांचा जुडगा घेतला.

आता भांडणाकडे येते.

रविवारी त्यांनी बेंजो उतरवला. नव्या तारा चढवल्या, जुळवल्या, पण हात असा आखडलेला की साधी चाल निघेना. ते बटणांना दोष देत होते, तेल घालत होते. आत्या आतून म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं." मामाजींनी तेलाची बाटली बाजूला सरकवली. मला म्हणाले, "ते चौथं लाव."

मी लावलं. गाणाऱ्याने दोन ओळी म्हटल्या, ती घसरती गिटार आली, आणि मामाजींनी मान वर करून, एकदम सरसावून, तिला उत्तर द्यायला सुरुवात केली. चार स्वर वाजले असतील नसतील तोच गाणारा पुढची ओळ घेऊन मोकळा. मामाजी थांबले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हातातला तारा छेडायचा प्लास्टिकचा तुकडा खाली आपटला.

"थांबत काऊन नाही हा? सवाल टाकते अन् स्वतःच बोलत राह्यते! कोनाचा चेला आहे?"

मी सांगितलं की मामाजी, ही सीडी आहे, ते आधीच वाजवून मोकळे झालेत, त्यांना काय माहीत तुम्ही इथं बसलाय.

"मतलब सवाल नाही हा?"

"नाही."

"मग थांबल्यासारखं कायले करते?"

खरंच तो बँड त्या जागी एक श्वास घ्यायचा. दुसऱ्या कुणाला तो नुसता श्वास वाटला असता. पंचवीस वर्षं सवाल-जवाब केलेल्या माणसाला ती आपल्यासाठी सोडलेली जागा वाटली. मामाजी खरोखर दुखावले होते. ते बेंजो पुन्हा लुगड्यात गुंडाळू लागले, तेव्हा मला सुचलं आणि मी टेपवरचं थांबवायचं बटण दाबलं.

"आता वाजवा," मी म्हटलं. "मी थांबवलं त्याला."

अशी आमची रीत सुरू झाली. तो बँड सवाल टाकायचा, मी बटण दाबायची, मामाजी जवाब द्यायचे, मी बटण सोडायची. सांगायला सोपं आहे. करून बघा. जरा लवकर दाबलं की "सवाल पुरा होऊ दे ना!" जरा उशिरा दाबलं की "झोपली का?" जो माणूस माझ्याशी वर्षभर बोलला नव्हता तो आता मला दिवसाला वीसदा रागवत होता. आणि मला ते आवडत होतं. त्यासाठी मला त्यांच्यासमोर, टेपाजवळ, हाताच्या अंतरावर बसावं लागायचं. पदर सावरावा तर बटण चुकायचं. तिसऱ्या दिवशी पदर खांद्यावर आला आणि तो पुन्हा डोक्यावर गेला नाही. आत्यांनी बघितलं, तोंड उघडलं, आणि चक्क काही न बोलता मिटलं.

महिन्याभरात मी त्या अल्बममधला श्वास न् श्वास ओळखू लागले. इंग्रजी कळत नव्हतं तरी गाणारा कुठे दमतो, गिटारवाला कुठे हात उचलतो, हे मला अंगठ्यात कळायचं. मामाजींची बोटंही मोकळी होत गेली. करंगळीशेजारचं बोट मात्र कधी कधी बटणावर जाऊन चिकटून बसायचं, उठायचंच नाही. मग ते उजव्या हाताने त्याला उचलायचे आणि म्हणायचे, "हा लेकाचा हट्टी आहे." मी बटण दाबून धरलेलं असायचं. आम्हाला घाई नव्हती.

ते मला त्या पाच पोरांबद्दल विचारायचे. त्यांची लग्नं झाली का? त्यांना हे कोणी शिकवलं? मला काही माहीत नव्हतं, मी ठोकून द्यायची. म्हटलं, त्यांच्या गावात एक म्हातारा आहे, तो शिकवतो. मामाजी समाधानाने म्हणाले, "असनच."

आता आमची वस्ती म्हणजे भिंतीला भिंत. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात शिंक. तेव्हा बेंजोचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे गेला नसता तरच नवल. आणि नुसता बेंजो गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण लोकांना ऐकू जात होतं ते असं: आधी कोणीतरी काहीतरी वाजवतंय, शब्द तर इतक्या लांब कळतच नाहीत, मग तो थांबतोय, मग बेंजो उत्तर देतोय, आणि उत्तर संपेस्तोवर समोरचा चूप. नियमाप्रमाणे.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी फाटक वाजलं. शाहीर उभे होते. मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होते. मिशा पांढऱ्या, सदरा कडक इस्त्रीचा, पण दम लागलेला. आत्या दारात आल्या आणि त्यांना बघून तशाच उभ्या राहिल्या.

शाहिरांनी कुणालाच रामराम-जयभीम केला नाही. सरळ अंगणात आले आणि आजूबाजूला बघत म्हणाले, "कुठं आहे तो?"

"कोन?" मामाजी बेंजोवरून मान वर न करता म्हणाले.

"तुहा नवा जोडीदार. महिना झाला ऐकून राहिलो. गोंदियाचा आहे का भंडाऱ्याचा? हात चांगला आहे त्याचा, मी नाही म्हनत नाही. पन एकडाव तोंड तं दाखव."

अंगणात मी होते, टेप होता आणि सुपात तांदूळ होते. मामाजींनी टेपाकडे बोट केलं. शाहिरांना समजेना. मग मी चौथं गाणं लावलं, जागा आल्यावर बटण दाबलं, मामाजींनी जवाब वाजवला आणि मी बटण सोडलं. शाहिरांनी हे दोनदा बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटकेचं हसू आलं, म्हणजे जोडीदार बिडीदार कोणी नाही तर! आणि मग ते हसू कुठं गेलं कोण जाणे. ते खाली बसले, जमिनीवरच, इस्त्रीच्या सदऱ्यासकट.

"मशीन आहे," ते म्हणाले.

"हाव."

"थांबते?"

"तो कायचा थांबते. सूनबाई थांबवते त्याले."

शाहिरांनी टेपाच्या बटणावर बोट टेकवून बघितलं. मग म्हणाले, "मी थांबत होतो."

"थांबत होता," मामाजी म्हणाले. "मग नाही थांबला."

हे ऐकून आत्या आत निघून गेल्या आणि चहाची भांडी मुद्दाम आपटू लागल्या. त्या रडत होत्या. मी सीडीचं कव्हर शाहिरांच्या हातात दिलं. त्यांनीही ते लांब धरून बघितलं आणि तेच म्हणाले, "पोट्टे आहेत की सप्पे."

"जुनं वाजवून राहिले," मामाजी म्हणाले. "लोक पैसे देऊन घेतात."

शाहिरांना ते लागलं. लागावं म्हणूनच ते म्हटलेलं होतं. पण माणूस दिलदार, त्यांनी मान खाली घातली आणि माफीबिफी काही न मागता विचारलं, "चौदा एप्रिलले येतं का? विहारात?"

"हात थरथरते आता माहा." मामाजींनी डावा हात पुढे धरला. आम्ही चौघांनी तो थरथरताना बघितला. आत्या चहा घेऊन दारातच उभ्या होत्या.

"माहा गळा कोनता धड आहे?" शाहीर म्हणाले. "डागदर म्हनते, वर चढू नोको."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी, मी बिरसीहून परतायच्या सुमाराला, यायचे. सीडीची गरज संपली. आता सवाल टाकायला माणूस होता आणि थांबायलाही माणूसच होता. मी टेप आत नेऊन ठेवला. खरं सांगायचं तर मला शाहिरांचा मत्सर वाटला. आठ वर्षं कुठं होते हे? मी महिनाभर बटण दाबून दाबून त्यांचा मित्र त्यांना दुरुस्त करून दिला आणि आता मी चहा आणून द्यायचा! दोन दिवस मी घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी चहा ठेवून वळले तर मामाजी म्हणाले, "बाई, बस ना. हा कुठं चुकते ते सांग. तुले समजते." शाहिरांच्या मिशा जरा खाली आल्या. मी बसले. आणि दोन ठिकाणी सांगितलंही.

जयंतीच्या दिवशी मिरवणूक संध्याकाळी निघणार, म्हणून विहारापुढच्या मांडवात गाण्याचा कार्यक्रम दुपारीच ठेवला होता. ऊन असं की खुर्च्या चटके देत होत्या. तरी मांडव भरला. म्हातारे तर जेवून लवकरच येऊन बसले होते. जोडी पुन्हा बसणार ही बातमी वाऱ्यावर गेली होती. तरुण पोरं मागे मोबाइल घेऊन उभी. वंदना झाली, हार झाले, आणि दोघे बसले, मागे साथीला ढोलकवाला. मामाजींनी पांढरा सदरा घातला होता. नवऱ्याने ड्यूटी बदलून घेतली होती. मी बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, आत्यांचा हात धरून.

पहिलं गाणं छान गेलं. दुसऱ्यात मामाजींनी मधल्या जागेत त्या चौथ्या गाण्यातली घसरण वाजवली, तीच, अमेरिकेतली, आपल्या जयंतीच्या गाण्यात. म्हाताऱ्यांनी वाहवा केली. त्यांना काय माहीत ती कुठून आली. मामाजींनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मी लाजले.

तिसऱ्या गाण्यात शाहिरांनी सवाल टाकला, मोठा, अवघड, जवानीतला. मामाजींनी जवाब सुरू केला आणि पाचसहा स्वरांत ते करंगळीशेजारचं हट्टी बोट बटणावर जाऊन चिकटलं. उठेना. एकच स्वर वाजत राहिला, मग तोही थांबला. ढोलकवाल्याने थोडा वेळ ठेका धरून ठेवला, मग त्याचाही हात थांबला. मामाजींनी उजव्या हाताने ते बोट उचललं, ते पुन्हा तिथंच पडलं. मग पूर्ण हातच थरथरायला लागला आणि मांडवभर लोकांनी तो बघितला. मागची पोरं कुजबुजू लागली. समितीतल्या एकाने शाहिरांना खूण केली, पुढचं गाणं घ्या, वेळ होतोय. आत्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

शाहिरांनी ती खूण बघितली. मग माइक तोंडापाशी घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, "सवाल माहा आहे. याचा जवाब अजून यायचा आहे. ज्याले घाई असन त्यानं खुशाल घरी जावं."

कोणी उठलं नाही. मागची पोरंसुद्धा मोबाइल खाली करून उभी राहिली. मामाजींनी हात मांडीवर घेतला, चोळला, पुन्हा बटणांवर ठेवला. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. मी रडत होते, उघड, सगळ्यांदेखत, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मग दोनच बोटांनी, एकेक स्वर शोधत, जवाब यायला लागला. लांबीला अर्धाच होता, आणि त्यात एक स्वर चुकलेला होता, तो मलाही कळला. शेवटची तार थरथरत शांत होईस्तोवर शाहीर डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी डोळे उघडले, मामाजींकडे बघून मान हलवली, आणि पुढची ओळ घेतली.